जागलीची वही

डी.एल.एड., म्हणजे शिक्षक व्हायची पदविका, जुनं डी.एड., करतो म्हटलं की आमच्याकडे लोक आधी कीव करतात. "आता कोण करते बावा डी.एड.?" हा प्रश्न मी एसटीत, न्हाव्याकडे, मामाच्या घरी, सगळीकडे ऐकला आहे. त्यांचंही खोटं नाही. बारावी झाली की डी.एड. आणि डी.एड. झालं की नोकरी, ही वाट कधीच बुजली. २०१३मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, २०१७मध्ये वरून अभियोग्यता चाचणी आली, आणि आता शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत माझे दोन चुलतभाऊ बसले आहेत. एक मेडिकलच्या दुकानात, एक वावरात. तरी मी प्रवेश घेतला. का घेतला ते सांगत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल.

मूळ गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेची, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाची. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला बंजारा तांडा, मधून नाला, आणि नाल्याच्या काठावर शाळा. पटावरची निम्म्याहून जास्त पोरं तांड्यातली. याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, पुढे सुधाकरराव झाले. १ जुलैला कृषी दिनाच्या परिपाठात पोरं हे सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. आणि दसरा झाला की त्याच पोरांचे मायबाप ट्रकमध्ये बसून सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला जातात. हे दोन्ही एकाच तांड्यात, एकाच वर्षात. मला त्यात काही विसंगत आहे असं तिथे कोणी बोलून दाखवलं नाही.

आमच्या अध्यापक विद्यालयाने आम्हाला कामांची यादी दिली होती. पाठ, पाठांची टाचणं, इतरांच्या पाठांची निरीक्षणं, एक कृतिसंशोधन, आणि एक व्यक्ती अभ्यास. व्यक्ती अभ्यासाचा छापील तक्ता असतो. विद्यार्थ्याची कौटुंबिक पार्श्वभूमी, आर्थिक स्थिती, समस्येचे स्वरूप, संभाव्य कारणे, योजलेले उपाय, निष्कर्ष. सीनियर लोकांनी आधीच सल्ला दिला होता, "गरीब पण हुशार पोरगं पकड, लवकर होते." मी पकडायला गेलोच नाही. मला पोरगं वर्गानेच नेमून दिलं.

त्याचं खरं नाव इथे लिहायचं नाही, म्हणून तो पिंट्या. पाचवीत होता, पण वय बारा. मायबापासोबत दोन-तीन हंगाम उसाच्या फडावर काढलेले, त्यामुळे तिसरी अर्धी, चौथी अर्धी, आणि तसाच पाचवीत बसवलेला. जाताना शिक्षण हमी कार्ड मिळतं, जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा म्हणून. ते कार्ड त्याच्या आजीने लुगड्याच्या घडीत जपून ठेवलं होतं, एकदाही न वापरलेलं. आता तो आजा-आजीजवळ राहायचा, मायबाप जायचे.

मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात चहा पाजत सांगितलं, "सर, त्या पोट्ट्याच्या नादी लागू नका. तो बसते का वर्गात? खिचडी झाली की खिडकीतून जाते. कोणाची वही फाडते, कोणाले बुकलते. आम्ही समिती बोलावली, आज्याले बोलावलं. आजा म्हणते, मारा पण शिकवा. आता मारता तर येत नाही." शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मारायला बंदी आहे, आणि ते चांगलंच आहे, पण माझ्या लक्षात आलं की मारायचं नाही म्हटल्यावर पुढे काय करायचं, हे शाळेत कोणी ठरवलेलं नव्हतं. मग पिंट्याला सोडून दिलेलं होतं. तो आहे तर आहे, नाही तर नाही.

माझा पहिला निरीक्षणाचा पाठ होता अपूर्णांकांचा. विद्यालयातून आलेले सर मागे बसलेले, मांडीवर निरीक्षण तक्ता. मी पुठ्ठ्याच्या भाकरी कापून आणलेल्या, अर्धी, पाव. सगळं टाचणाप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात शेवटच्या पट्टीवर भिंतीला टेकून झोपलेला पिंट्या दचकून उठला आणि पूर्ण ताकदीने ओरडला, "हुर्र्योऽऽ हाऽऽट!" खिडकीवरचे पारवे उडाले. पोरं हसून लोटपोट. निरीक्षक सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'वर्ग नियंत्रण कमी. साधनांचा वापर चांगला.'

मला राग यायला हवा होता. पण ते ओरडणं मला ओळखीचं वाटलं. माझ्या आजोळी दारव्ह्याकडे मी ते लहानपणी ऐकलं आहे. ते खोडसाळपणाचं ओरडणं नव्हतं, झोपेतून उठलेल्या राखणदाराचं होतं. मधल्या सुट्टीत मी त्याला एवढंच विचारलं, "काय आलतं रे, रोही का डुकरं?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "तुमाले काय माईत?"

"माह्या मामाकडे बी जागल असते."

"रोही," तो म्हणाला आणि पळाला. पण खिडकीतून नाही, दारातून.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आमच्या भागात जंगलाला लागून ज्यांचं वावर आहे त्यांना पेरलं की झोप नाही. रोही म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरं. रोही सोयाबीनचे शेंडे खुडतात, डुकरं खातात त्याहून जास्त लोळून-उकरून नासवतात. लोक वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, पैसा असला तर कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं झटका मशीन लावतात, आणि पैसा नसला तर माणूस बसवतात. या रात्रीच्या राखणीलाच जागल म्हणतात. पिंट्याच्या घरी बसायला माणूस म्हणजे आजा, त्याला रात्रीचं दिसत नाही, आणि पिंट्या. मोठे चुलते होते, पण त्यांचं वावर दुसरीकडे, त्यांची जागल वेगळी.

मी गावातच खोली करून राहत होतो. सप्टेंबर लागला होता, सोयाबीन शेंगेवर आलं होतं. एका शनिवारी त्याच्या आज्याला विचारून मी त्यांच्या वावरात गेलो. सकाळची शाळा होती आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून जमलं. आज्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, बूट काढू नका. इच्चू हायेत."

सागाच्या चार बल्ल्या, त्यावर बांबूची ताटी, वर ताडपत्री, असा माळा. एक तेलाचा रिकामा पिपा, त्याला टांगलेला लोखंडी गज, एक बॅटरी, दोन घोंगड्या. शाळेत जो पोरगा पाच मिनिटं एका जागी बसत नव्हता, तो त्या माळ्यावर मांडी घालून तासन् तास हलला नाही. मी काही बोलायला गेलो की तोंडावर बोट. काळोख होता, ढग होते, आणि मला तरी बेडकांशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "डुकरं."

"कशावरून?"

"नाल्याकून. आयका ना."

मी कान दिला. खूप वेळाने पाचोळ्यावर काहीतरी खसखसल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, वाजव पिपा. तो म्हणाला नाही, आता वाजवला तर अर्धी इकडं, अर्धी तिकडं फुटतात, मग दोन्हीकून येतात. सगळी आत येऊ द्यायची, मोठी मादी पुढे असते, ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली की वाजवायचा, मग ती वळते अन् बाकीची तिच्यामागं. वारा कुठून आहे ते त्याने बोट ओलं करून बघितलं. वारा आपल्याकडून त्यांच्याकडे असला तर ती येतच नाहीत, त्यांना वास लय, डोळे कमी. हे सगळं त्याने कानात पुटपुटत सांगितलं, आणि मग एकदम उभा राहून तीन टोले दिले आणि ते ओरडणं काढलं, जे मी वर्गात ऐकलं होतं. बॅटरीच्या झोतात काळी पाठ वळताना दिसली, आणि सोयाबीनमधून सरसर करत सगळा कळप नाल्यात उतरला.

"पाय किती असतीन?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, कसे मोजणार? तो म्हणाला, "नऊ डुकरं होते. चार लहान." सकाळी चिखलातल्या खुरांवरून त्याने ते सिद्ध करूनही दाखवलं. मी रविवारभर झोपलो. तो मात्र सकाळी बकऱ्या घेऊन गेला.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, याला पहिले दोन तास झोपू द्या. ते हसले. मग मी त्यांना आधीच्या आठवड्यातली भांडणं सांगितली. जवळजवळ सगळी खिचडीच्या आधीची, सगळी त्याला कोणीतरी झोपेतून हलवलं तेव्हाची. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या मागच्या खोलीत, जिथे जुनी पुस्तकं आणि क्रीडा स्पर्धांच्या सतरंज्या पडलेल्या असतात, तिथे एक सतरंजी अंथरलेली होती. "परिपाठाले आला तर हजेरी लावतो, मग झोप म्हणा. पण केंद्रप्रमुख आले तर तुम्ही पाहा."

खिचडीच्या वेळी मदतनीस बाई त्याला उठवायच्या. जेवून तो वर्गात यायचा, आणि खिडकी त्याच्या जाण्यासाठी उघडीच असली तरी बहुतेक दिवस बसायचा. माझ्या अख्ख्या आंतरवासितेतला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय हाच. बालमानसशास्त्राच्या पुस्तकात तो नाही. व्यक्ती अभ्यासाच्या 'योजलेले उपाय' या रकान्यात मी लिहिलं, 'विद्यार्थ्यास झोपू दिले.' कच्चा मसुदा बघताना विद्यालयातल्या मॅडमनी त्यावर लाल पेनाने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'शास्त्रीय उपाय लिहावेत.'

वाचनाची गोष्ट वेगळी. पाचवीत असून पिंट्या जोडाक्षर आलं की थांबायचा. थांबला की चिडायचा, चिडला की शेजाऱ्याला चापट. बालभारतीचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला वर्गासमोर उघडं पाडणं होतं. मी एक शंभर पानी वही आणली आणि म्हटलं, रात्री काय काय आलं ते सांग, मी लिहितो. तो सांगायचा, मी त्याच्याच शब्दांत लिहायचो, मग ते तो वाचायचा. आपलंच बोलणं असल्यामुळे पुढचा शब्द त्याला आधीच माहीत असायचा. तोंड पुढे, डोळे मागे. काही दिवसांनी डोळे तोंडाला गाठायला लागले. मग एका सकाळी वही आली तेव्हा त्यात त्याच्या हाताने लिहिलेलं होतं:

'रोई आले. ३. नाल्याकून नाई जंगलाकून. पिपा वाजोला. पयाले. आजा झोपेल होता.'

मार्गदर्शक शिक्षक, ज्यांच्या वर्गावर मी होतो, त्यांनी वाचलं आणि लाल पेन काढलं. मी म्हटलं, सर, राहू द्या, आत्ताच नको. ते थोडे नाराज झाले. त्यांचं म्हणणं असं की चुकीचं घट्ट होतं, मग निघत नाही. त्यात तथ्य नाही असं नाही. आम्ही मधला मार्ग काढला: तो लिहील ते तसंच राहील, खाली मी तेच शाळेच्या मराठीत लिहीन. पिंट्या माझी ओळ वाचायचा आणि कधीकधी हसायचा. 'पळाली' त्याला फार सभ्य वाटायचं.

त्या वहीचा आज्यालाही उपयोग होईल असं मला वाटलं होतं. वन्यप्राण्यांनी पीक नासवलं तर वन विभागाकडून भरपाई मिळते. अर्ज, सातबारा, पंचनामा लागतो. आज्याने वही नेऊन दाखवली. तिकडून उत्तर आलं की वही चालत नाही, नुकसान झाल्यावर लगेच अर्ज द्या, पंचनामा करू. नियमाने ते बरोबरच होतं. पिंट्या दोन दिवस वही घरीच विसरला. मग परत आणली.

आता गणित. ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्याने अमुक इतकी उचल घेतली, ती ऊस तोडून फेडायची. तांड्यातल्या घराघरात सप्टेंबरमध्ये हाच विषय असतो. मला भागाकार घ्यायचा होता. पाठ्यपुस्तकातली पेरूंची समान वाटणी मी बाजूला ठेवली आणि फळ्यावर लिहिलं: उचल ६०,००० रुपये. टनाला ३०० रुपये. रोज २ टन. किती दिवस? टनाचा दर पोरांनी चार प्रकारे सांगितला, म्हणून हिशेबाला सोपा पडावा असा मी धरला.

गावातली हुशार पोरं भागाकार मांडायला लागली आणि शून्यांत अडकली. पिंट्या फळ्याकडे बघत होता. वही त्याने उघडलीच नाही. "दहा टनाचे तीन हजार," तो म्हणाला. "शंभर टनाचे तीस हजार. मंग दोनशे टन. दोन टन रोज. शंभर दिवस."

मी त्याला फळ्यावर बोलावलं, हेच मांडून दाखव म्हटलं. त्याने दहा, शंभर, दोनशे असं एकाखाली एक लिहिलं, कुठेही भागाकाराचं चिन्ह नाही, आणि उत्तर बरोबर. मग खडू हातात तसाच ठेवून म्हणाला, "पण सर, हे चुकलं. खाडे कुठं धरले?"

खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. आजारपण, पाऊस, बाळंतपण, काहीही कारण असो, खाडा कापला जातो. तांड्यातल्या पोरांनी मग मला शिकवायला सुरुवात केली. दहा खाडे धरा. नाही, माह्या याडीचे मागच्या साली लय झाले, पंधरा धरा. (याडी म्हणजे आई.) एक मुलगी म्हणाली की गाडी भरायला रात्री जावं लागतं, ते वेगळं. दहा खाड्यांवर एकमत झालं. एकशे दहा दिवस. पिंट्या म्हणाला, "हे तं नुसते फिटाचे. कमाईचे दिवस अजून पुढं." आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेला, पानं उलटायला लागला. दसऱ्यानंतर निघाले तर किती तारखेला फिटतं, मग घरी आणायला काही पाहिजे तर अजून किती. त्याचं बोट होळीवर थांबलं. तांड्यात होळी मोठी, लेंगीची गाणी म्हणतात, नाचतात. "होळीले येतीन," तो म्हणाला.

त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं की मायबाप कधी येणार. 'येऊ लवकर' एवढंच सांगून जायचे ते. तारीख त्याने स्वतः काढली, आणि त्या दिवशी त्याने पहिल्यांदा शाळा सुटल्यावरही वर्ग सोडला नाही. कॅलेंडर मात्र फाडून खिशात घालायचा त्याचा बेत मला हाणून पाडावा लागला. शेवटी होळीच्या चौकटीत पेन्सिलीने एक गोल करून दिला.

खूण करताना त्याने विचारलं, "अन् तुमी?"

"मी काय?"

"तुमी कवा जाता?"

आता इथे मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो. छात्रशिक्षक हा जाणाराच माणूस असतो. दरवर्षी शाळेत आमच्यासारखे येतात, गाणी शिकवतात, फुगे आणतात, पोरांना लळा लावतात, आणि पाठ संपले की निरोप समारंभ करून जातात. मुख्याध्यापकांनी मला नंतर जे सांगितलं ते अनुभवाचं होतं: "शेवटच्या दिवशी सांगा. पोट्टे एक दिवस रडतात, मंग भुलतात. आधी सांगाल तं निस्तरा लागते आमाले." ज्या पोरांचं घर सुखाचं आहे त्यांच्याबाबतीत हे चालत असेलही. पण ज्या पोरांच्या आयुष्यातली माणसं दरवर्षी एका रात्री ट्रकमध्ये बसून निघून जातात, त्यांच्याशी मी पण तेच केलं असतं तर त्या झोपेच्या सतरंजीला आणि वहीला काय अर्थ राहिला असता? मी डिसेंबरचं पान काढलं आणि माझ्या शेवटच्या दिवसावरही गोल केला.

त्याचा परिणाम गोड झाला नाही. पिंट्या माझ्याशी बोलेनासा झाला. वही बंद. सतरंजीवर झोपायचा, खिचडी खायचा, आणि खिडकीतून जायचा. मुख्याध्यापक काही म्हणाले नाहीत, पण 'सांगितलं होतं' हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं. दसरा झाला आणि तांड्यातून ट्रक निघाला. मी बघायला गेलो होतो. भांडी, सरपण, कोंबड्या, एक शेळी, आणि वर माणसं. पिंट्या आईजवळ उभा नव्हता, टायरवर पाय ठेवून ड्रायव्हरशी बोलत होता. ट्रक हलला तेव्हा आज्याने त्याला ओढून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला तो चावायला. खरोखर चावला, एका मुलाच्या दंडाला. त्या मुलाचे वडील शाळेत आले, समितीतले दोघं आले. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं, मायबाप गेलेल्या पोरांना तिथे दोन्ही वेळचं जेवण मिळतं. त्यात पिंट्याला घेऊ नका असा सूर निघाला. तेव्हा मुख्याध्यापक, ज्यांनी मला नादी लागू नका म्हणून सांगितलं होतं, ते म्हणाले, "त्यालेच नाही घेतलं तं मंग कोणासाठी आहे हे?" विषय तिथेच मिटला. त्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं.

मी पिंट्याला समजावलं वगैरे नाही. चावलेल्या मुलाच्या दंडाला मलम लावायचं काम त्याला दिलं, ते त्याने मान खाली घालून केलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "मलम राह्यलं का?" सोयाबीन निघालं होतं, आता तूर आणि हरभऱ्याची जागल सुरू होती. थंडीत माळ्यावर शेकोटी लागते. मी वहीबद्दल काही विचारलं नाही. नोव्हेंबर संपता संपता ती आपोआप माझ्या टेबलावर आली. मधल्या सगळ्या दिवसांच्या नोंदी त्यात होत्या. माझ्याशी बोलत नव्हता तेव्हाच्याही. फक्त खाली शाळेच्या मराठीतली ओळ नव्हती, तिच्यासाठी प्रत्येक ठिकाणी जागा सोडलेली होती.

मी बसून सगळ्या ओळी भरल्या. मग तो मुद्द्यावर आला. "तुमी गेल्यावर हे कोण लिहीन?"

हा प्रश्न मला हवाच होता. मी त्याला मार्गदर्शक सरांकडे घेऊन गेलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी पानं चाळली. बराच वेळ चाळली. त्यांचंही वावर होतं, जंगलाच्या अंगाला, हे मला तोवर माहीत नव्हतं. "हे रोही पश्चिमेकून येऊन रायले का बे आता?" त्यांनी विचारलं. पिंट्याने सांगितलं की तिकडच्या साड्या उडाल्या म्हणून. मग त्या दोघांचं जे सुरू झालं, ते हरभऱ्याला डुकरं जास्त की रोही, झटका मशीनची बॅटरी किती दिवस पुरते, इथपर्यंत गेलं. मी उभाच होतो. माझे उरलेले दिवस मी मुद्दाम वही आधी त्यांच्याकडेच जाऊ दिली. त्यांनी लाल पेन वापरलं, पण एका पानावर एकाच शब्दाला. तेवढं पिंट्याने चालवून घेतलं.

निरोप समारंभ झाला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पिंट्या आला नव्हता. आदल्या रात्री डुकरं आली होती, तो सतरंजीवर झोपला होता, आणि मी मदतनीस बाईंना सांगितलं की उठवू नका.

व्यक्ती अभ्यासाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाइल उलटीसुलटी केली. 'योजलेले उपाय' मध्ये आता 'विद्यार्थ्याच्या विश्रांतीची गरज ओळखून वेळापत्रकात लवचिकता आणली' असं होतं. त्यावर कोणी रेघ मारली नाही. 'निष्कर्ष' या रकान्यात मी मुलाचं वाचन कितपत सुधारलं ते लिहिलं होतं आणि पुढची जबाबदारी कोणाकडे दिली ते. परीक्षक म्हणाले, हा निष्कर्ष नाही, हे हस्तांतरण आहे. मी म्हटलं, हो सर. त्यांनी गुण बरे दिले.

मार्चच्या शेवटी मार्गदर्शक सरांच्या फोनवरून त्याचा फोन आला. मायबाप होळीला आले नाहीत. कारखाना सुरू होता, मुकादमाने सोडलं नाही, आणि याडीला ताप आला होता म्हणून खाडे दहाच्या वर गेले. होळी झाल्यावर आले. "आपला हिशेब चुकला," मी म्हटलं.

"हिशेब बरोबर होता. खाडे कमी धरले," तो म्हणाला. मग लगेच, "सर, वही संपली. दुसरी पाठवा. रेघवाली नको, चौकोनवाली. त्यात पावलं काढता येतात."